भास्कररावांनी घाई केली नव्हती

भास्करराव गेल्याचा फोन सकाळी सातच्या सुमारास आला. त्यांचा थोरला मुलगा बोलत होता. "काका, बाबा गेले… पहाटे. अटॅक आला." मी "अरे, अरे" असं काहीतरी म्हणालो, कधी नेणार ते विचारलं आणि फोन ठेवला. पलंगाच्या कडेवर बसलो आणि मनात पहिला विचार आला तो लिहायचीही लाज वाटते. जाण्याआधी त्यांनी कुणाला सांगितलं तर नसेल… असा तो विचार होता. मित्र गेला त्या घटकेला मला माझीच धास्ती वाटली.

त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. म्हणून आता मला सांगावं लागतंय.

भास्करराव जालन्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीत तीस वर्षं बी तपासायचे. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे मांडायचे, ठरलेल्या दिवसापर्यंत थांबायचं, मग कागद उलगडून किती उगवले ते मोजायचं. दोन दिवस आधीच कोंब दिसताहेत, आकडा टाकून द्या, असं साहेब म्हणाले तरी ते दिवस भरल्याशिवाय गुंडाळी सोडायचे नाहीत. बोलायला फटकळ होते. चहा गोड झाला तर हॉटेलवाल्याला दुसरा करायला लावायचे आणि पहिला माझ्याकडे सरकवायचे. "घ्या मास्तर, तुमाला चालतंय सगळं." मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त शिक्षक, फिरायला टेकडीवरच्या बागेत जायचो. तिथंच आमची ओळख झाली.

निवृत्तीनंतर त्यांनी जाड टायरची, गियरची सायकल घेतली. सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, हसून सांगायच्या, "लोकं या वयात गुडघ्याला तेल लावतेत, हे चेनला लावून राह्यले." बागेच्या मागच्या अंगाला गिरिपुष्प, करंज आणि सीताफळाची दाटी आहे. तिथून गुरं उतरायची तेव्हाची एक जुनी पायवाट होती. भास्कररावांनी ती हातानं मोकळी केली, काटे काढले, पावसानं पडलेल्या घळीत दगड रचले. पाण्याच्या टाकीमागून दम लागेल असा चढ चढायचा, माथ्यावर पोचायचं आणि मग झाडांतून, मुळांवरून, मुरमावरून खाली यायचं. सगळी वाट जेमतेम पाऊण किलोमीटरची. "डोंगर न्हाई म्हणून काय झालं, मास्तर? टेकाड तर हाय आपल्याकडं," असं ते म्हणायचे. हळूहळू रविवारी पंधरा-वीस पोरंपोरी जमू लागली. कुणाकडं गियरची, कुणाकडं साधी, कुणाकडं भावाची मागून आणलेली. भास्करराव आधी प्रत्येक सायकलचा ब्रेक दाबून बघायचे आणि मगच तिला वर चढू द्यायचे.

या वाटेत एकच जागा वाईट होती. उताराच्या शेवटी एक आडवं वळण आहे आणि वळण संपतं तिथं फिरायला येणाऱ्यांची फरशीची वाट आडवी जाते. वरून येणाऱ्याला ती दिसत नाही. फिरणाऱ्यालाही वरून येणारा दिसत नाही. म्हणून भास्कररावांनी नियम केला. वळणावर एक माणूस उभा राहील. तो खाली बघून "मोकळं!" असं ओरडेल. वरचा माणूस दोन्ही पाय जमिनीला टेकवून थांबेल आणि आवाज आल्याशिवाय निघणार नाही. ते वळणावर उभं राहायचं काम माझं होतं. मला सायकल जमत नव्हती, पण शाळेत कमावलेला आवाज होता. वळणावर बसायला एक मोठा दगड आहे. तिथून वरचा उतार दिसतो, फरशीची वाट दिसत नाही. ती दिसायला खाली लिंबाच्या झाडापर्यंत जावं लागतं, दहा पावलं. दर वेळी दहा पावलं खाली जायचं, दोन्हीकडं बघायचं, परत दगडापाशी येऊन ओरडायचं. एका रविवारी असं चाळीसदा तरी व्हायचं.

पाच वर्षांपूर्वीच्या थंडीतला तो रविवार. पोरं अजून टेकडीच्या पलीकडच्या अंगाला टाकीपाशी हवा भरत होती. भास्करराव मला सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मास्तर, आज एक चक्कर तुमी मारा. न्हाईतर पोरं म्हणतील, मास्तर नुसतं वरडायला येऊन राह्यले." पोरं हसली. मीही हसलो. पण ते मला लागलं. आधीच्या महिन्यात मी एकदा सायकलवर बसलो होतो आणि अर्ध्या उतारावरून ती हातात धरून चालत खाली आणली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. एवढीशी थट्टा. चाळीस वर्षं वर्गात पोरांच्या थट्टा ऐकलेला माणूस मी. पण त्या सकाळी फुगून वळणावर गेलो आणि दगडावर बसून राहिलो.

पोरांना सोडण्याआधी भास्करराव नेहमी स्वतः एकदा उतरून वाट तपासायचे. ते माथ्यावर पोचले. मला झाडांतून त्यांचं पिवळं जाकीट दिसलं. पाय टेकवून ते थांबले होते. गुडघा दुखत होता, मन दुखत होतं, आणि एवढ्या सकाळी खाली कुणी नसतं हे मला ठाऊक होतं. मी उठलो नाही. बसल्या जागेवरून ओरडलो, "मोकळं!"

खाली दोन बायका फिरत येत होत्या. त्यातली एक नेमकी वळणाच्या तोंडाशी बुटाची नाडी बांधायला वाकली होती.

भास्कररावांनी तिला वाचवलं. वळणावर ती दिसताच सायकल करंजाच्या झाडाकडं फिरवली. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही… मी धावत गेलो तेव्हा ते झाडाच्या बुंध्याशी आडवे होते आणि त्यांचा उजवा पाय माणसाचा पाय वळू नये तसा वळला होता. त्यांनी विचारलं, "बाईला लागलं का?" मी 'नाही' म्हणून मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि लिंबाच्या झाडाकडं बघितलं. 

मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, वहिनी औषधं आणायला गेल्यावर, ते हळू आवाजात म्हणाले, "बागेच्या समितीवाले येऊन गेल्ते. मी सांगितलं, आवाजाची वाट न्हाई पाह्यली, घाई केली." मी म्हणालो, "अहो, पण मी…" त्यांनी हात वर केला. "राखणदारच चुकला म्हणलं की वाट बंद होती. माझी चूक म्हणलं की मी बंद होतो. बराबर? मंग तुमी गप राहा."

मी गप राहिलो असतो तरी थोडं बरं झालं असतं. आठवड्यानं समितीची बैठक झाली. मला बोलावून विचारलं, "सर, तुम्ही आवाज दिला होता का?" मी म्हणालो, "नाही." एवढंच. भास्कररावांची चूक होती हे सगळ्यांना किती लवकर पटलं, याचं मला त्याही स्थितीत नवल वाटलं. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. त्या दोन बायकांना बोलावलं नाही. भास्कररावांनी यापुढं पोरांना शिकवू नये असं ठरलं. वाट मात्र चालू राहिली. त्या लबाडीनं त्यांनी वाट वाचवली आणि मी स्वतःला वाचवलं.

पुढचे कित्येक महिने मला त्या बायकांची भीती वाटायची. त्यांनी माझा आवाज ऐकला असेल का? समोरून येताना दिसल्या की मी दुसऱ्या वाटेनं वळायचो. एकदा त्यातली एक देवळाबाहेर भेटली, "सर, कसे आहात?" म्हणाली, आणि मी दर्शन न घेताच घरी परतलो. वळणावरचं काम मी सोडलं नाही. सोडलं असतं तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं. उलट दहा पावलं जायचो, बघायचो, परत यायचो आणि ओरडायच्या आधी मन मानत नसे म्हणून पुन्हा जायचो. वर पोरं ताटकळायची. माझ्या या काळजीचं समितीला इतकं कौतुक वाटलं की एका वर्षी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. खुर्चीत बसून मी समोर बघत होतो. शेवटच्या रांगेत भास्करराव काठी गुडघ्यांमध्ये धरून बसले होते आणि टाळ्या वाजवत होते. तोपर्यंत पोरांनी त्या जागेचं नावही ठेवलं होतं, 'घाईचं वळण'.

दर रविवारी दुपारी मी त्यांच्याकडं जायचो. चहा व्हायचा. गावातलं, पोरांचं बोलणं व्हायचं. त्यांनी त्या सकाळचा विषय कधीच काढला नाही. फक्त मी उठायला लागलो की विचारायचे, "मास्तर, दहा पावलं जाऊन राह्यलात ना?" मी म्हणायचो, "जातो." "बस, मंग." पाच वर्षं… एकही रविवार त्यांनी हे विचारायचं सोडलं नाही. सायकल सुटली, हिंडणं सुटलं, वजन वाढलं, साखर वाढली. हृदयाचा आणि पायाचा संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले. ते खरंही असेल. मला ते ऐकून हलकं वाटलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला बागेतली पोरं आली होती. त्यांच्यातली आरती आता इंजिनिअर होतेय आणि रविवारी तीच सगळ्यांना शिकवते. ती रडत रडत बोलली. "काकांनी आम्हाला सगळं शिकवलं. त्यांच्या चुकीतून पण शिकवलं. आम्ही दर रविवारी नवीन मुलांना सांगतो, काकांसारखी घाई करायची नाही, आवाज आल्याशिवाय निघायचं नाही." माणसं माना हलवत होती. समोर सुमनवहिनी खाली बघत बसल्या होत्या. नंतर माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो, ते फार मोकळ्या मनाचे होते वगैरे बोललो आणि खाली बसलो.  जो माणूस दिवस भरल्याशिवाय कागदाची गुंडाळी सोडत नव्हता, त्याचं नाव नव्या पोरांना उतावळेपणाचा दाखला म्हणून शिकवलं जातंय, आणि मी गप आहे तोवर शिकवलं जाणार. माझ्यामागं तर ते खोडून काढायला कुणीच उरणार नाही.

गेल्या मंगळवारी मी वहिनींकडं गेलो. त्या एकट्याच होत्या, भाजी निवडत बसल्या होत्या. मी खुर्चीत बसलो आणि पाणीसुद्धा न घेता सगळं सांगून टाकलं. दगड, लिंबाचं झाड, दवाखाना, बैठक. त्या मेथीच्या काड्या मोडत राहिल्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाच वर्सं तुमी इथं चहा पिऊन गेलात, मास्तर."

त्यांनी आणखी एक काडी मोडली.

"अन् मी त्यांनाच बोलत होते. दवाखान्यातून आणल्यावर दोन महिने, उठता-बसता. या वयात कशाची एवढी जल्दी होती म्हणून. ऐकून घ्यायचे. एकदा तर म्हणाले, चुकलं माझं." त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "मला कळायला पायजे होतं. कंपनीत जाताना हा माणूस 'येतो' म्हणायचा अन् मी आतून 'या' म्हणेपर्यंत उंबऱ्यात उभा राहायचा. मी मोरीत असायची, कधी कुकरची शिट्टी व्हायची, मला ऐकूच यायचं न्हाई. एकदा तर कंपनीची बस निघून गेली, तरी हा उभाच. मी म्हणलं, अहो जायचं की! तर म्हणे, तू कुठं बोललीस? असला माणूस आवाज न ऐकता निघाला, असं तुमी सगळ्यांनी सांगितलं, अन् मी खरं मानलं."

मी म्हणालो, "वहिनी, मी हे लिहून पेपरला देतो. माझ्या नावानं. आरतीला अन् समितीला पण सांगतो. तुमची हरकत नसेल तर."

त्यांनी मेथीचं ताट उचललं आणि आत गेल्या. मी थोडा वेळ बसलो, मग उठलो. दारापाशी आलो आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "येतो, वहिनी."

आत नळाचं पाणी पडत होतं. भांडी वाजत होती. मी एक चप्पल घातली, दुसरी पायात घेतली नाही. गल्लीतून एक रिक्षा गेली, समोरच्या घरातून कुणीतरी बाहेर येऊन माझ्याकडं बघून परत आत गेलं. मला वाटलं, जावं. पण उंबऱ्यात उभा राहिलो… किती वेळ ते सांगता येणार नाही. मग नळ बंद झाला आणि आतून आवाज आला,

"छापून आलं की मंग या."