अठ्ठावीस मिलिमीटरचे निरोपे

दसऱ्याचा दिवस, सकाळी दहाचा सुमार. रक्कम साठ हजार रुपये, रोख. हजर मी, माझी पत्नी आणि माझी धाकटी बहीण. जागा भोईवाड्यातल्या चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची.

पैसे बहिणीचे होते. लोअर परळच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तिने एकोणीस वर्षं नकाशे काढले. त्या पावसाळ्यात ऑफिसने इथला विभाग बंद केला आणि तिला हैदराबादच्या शाखेत जागा देऊ केली. तिने वर्षाची मुदत मागून घेतली. वय त्रेचाळीस, लग्न केलेलं नाही, आईवडील गेल्यापासून ती आमच्याजवळ राहते. खरं तर आम्हीही तिच्याजवळ राहतो. भाडेपावती दोघांच्या नावावर आहे.

त्या वर्षात तिला एकच गोष्ट करायची होती. कॉलेजपासून डोक्यात असलेला एक खेळ पुरा करून बाजारात आणायचा. टेबलावर मांडायचा युद्धाचा खेळ. बोटाच्या पेराएवढे सैनिक, मोजपट्टीने मोजून ते पुढे सरकवायचे आणि कोण पडलं हे फासे टाकून ठरवायचं. तिची लढाई शनीच्या एका चंद्रावर होती. वर बर्फ, बर्फाखाली समुद्र, समुद्राच्या तळाशी खाणकामगारांची वस्ती आणि ती वस्ती रिकामी करायला आलेली कंपनीची फौज.

"बाजारात आला तर मी इथेच राहते आणि दुसरा काढते," ती म्हणाली. "नाही आला तर हैदराबाद."

मी निम्मे पैसे घालायची तयारी दाखवली.

"पैसे नकोत. तू गुणांचा हिशेब बघ आणि माझ्याशी खेळ. इथे दुसरं कोण आहे खेळायला?"

"वन्सं, यांना कॅरममध्येसुद्धा हरलेलं चालत नाही," पत्नी म्हणाली. "नीट विचार करा."

गुणांचा हिशेब म्हणजे असा: प्रत्येक सैनिकाची गुणांमध्ये किंमत असते. दोन्ही बाजूंना सारखे गुण मिळतात आणि त्यात ज्याने त्याने आपली फौज जमवायची. किंमत चुकली की खेळ बिघडतो. मी एका खासगी कंपनीत हिशेब बघतो, तेव्हा हे काम मला परकं नव्हतं. सैनिक अजून पुठ्ठ्याचे होते. रविवारी दुपारी जेवणाचं टेबल रिकामं करून आम्ही बसायचो. सात-आठ डावांनंतर माझ्या लक्षात आलं, की तोफवाला ज्याच्याकडे जास्त, तोच जिंकतो. त्याची किंमत तिने बारा ठेवली होती. मी एकोणीस सांगितली.

"पंधरा," ती म्हणाली.

"एकोणीस."

"सतरा कर, दादा."

"भाजी घेतेयस का?"

शेवटी अठरावर ठरलं. आतून पत्नीने विचारलं, "दोघांचं मिळून वय किती हो?" मी ब्याण्णव सांगितलं. "मग ठीक आहे," ती म्हणाली आणि चहा ठेवला.

दिवाळीनंतर बहिणीने नियम आणि चित्रं बंगळुरूच्या एका खेळ बनवणाऱ्या कंपनीला पाठवली. त्यांना ती आवडली. त्यांनी पंचवीस हजार रुपये आगाऊ दिले. करारात लिहिलं होतं, की माघार घेतली तर ते परत करायचे. आता खरे सैनिक घडवायचे होते, आणि त्यासाठी ती लालबागच्या मूर्तिकाराकडे गेली. आमचा घरचा गणपती त्यांच्याकडचाच. दरवर्षी आम्ही आपला पाट त्यांच्या कारखान्यात नेऊन देतो आणि ते त्यावर मूर्ती घडवतात. दिवाळीनंतर माघी गणपतीची गडबड सुरू होईपर्यंत त्यांना जरा उसंत असते. एवढं बारीक काम त्यांनी पूर्वी केलं नव्हतं, पण चित्रं बघून त्यांनाच हुरूप आला. पुट्टीचे नमुने, रबरी साचे आणि त्यातून ओतलेले सैनिक, असं ठरलं. बहिणीने माप सांगितलं, अठ्ठावीस मिलिमीटर.

माल बघायला आम्ही दोघं गेलो. कारखान्यात फळीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी सगळे ओळीने उभे केले होते. चेहरे, घड्या, बुटांचे पट्टेसुद्धा दिसत होते. बहीण खाली वाकून बघत होती. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

वस्तीच्या बाजूला निरोपे नावाचे सैनिक होते. संदेश पोचवणारे, त्यांच्या शिरस्त्राणावर उंच अँटेना. ते बाकीच्यांच्या जेमतेम खांद्याला लागत होते.

"हे असे लहान का झाले?" तिने विचारलं.

"लहान कुठे, ताई? पट्टी लावा. अठ्ठावीस." मूर्तिकारांनी स्वतःच पट्टी लावली, पायापासून अँटेनाच्या टोकापर्यंत.

"अहो, अठ्ठावीस डोळ्यांपर्यंत. या खेळांत उंची डोळ्यांपर्यंत मोजतात."

"डोळ्यांपर्यंत?" ते माझ्याकडे बघायला लागले. "आमच्याकडे मुकुटासकट उंची धरतत. तुमचो गणपती पण तसोच मोजतो ना मी? इतकी वर्षं तुम्ही कधी काय बोलला नाहीत."

बाकीच्यांची शिरस्त्राणं बसकी होती, म्हणून त्यांच्यात फरक फारसा कळत नव्हता. निरोप्यांची मात्र मुलं झाली होती. दहा-बारा वर्षांची, मोठ्यांचे कपडे घातलेली मुलं. मूर्तिकार नव्याने करून द्यायला तयार होते, पण माघीचं काम अंगावर आलं होतं आणि पुढे भाद्रपदापर्यंत त्यांना डोकं वर काढता येणार नव्हतं. "तोवर चालवून घेऊ," बहीण म्हणाली. घरी आणून तिने सगळे रंगवले.

मग दर रविवारी दादरहून चौघं जण खेळून बघायला यायला लागले. असे खेळ खेळणाऱ्यांचा त्यांचा एक गट आहे. त्यांच्यातला एक धिप्पाड, कॉम्प्युटरवाला. तो आला की पत्नी चार पोहे जास्त भिजवायची. ते खेळायचे आणि मी कोण कधी पडलं याची नोंद घ्यायचो. पाचेक आठवड्यांत मला आकडे जुळेनात. निरोपे सगळ्यांत कमकुवत, किंमत सहा गुण. फाशांच्या हिशेबाने ते दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत संपायला हवेत. प्रत्यक्षात ते शेवटपर्यंत उभेच असायचे. मला फाशांचा संशय आला. एक संध्याकाळ मी फासे टाकत बसलो. ते ठीक होते.

पुढच्या रविवारी मी नोंदी सोडून नुसता बघत बसलो. धिप्पाड गड्याच्या तोफेसमोर एक निरोप्या उघड्यावर उभा होता. त्याने मोजपट्टी लावली, अंतर बरोबर होतं. त्याने पट्टी उचलली आणि लांबच्या एका भिंतीवर तोफ डागली. दोन फेऱ्यांनी तो हरला.

"मुद्दाम हरलात का हो?" पत्नीने विचारलं.

"नाही काकी. ते पोरगं मध्ये आलं ना."

बाकीचे तिघं हसले नाहीत. कारण, नंतर कळलं, की तेही तेच करत होते. मी माझे स्वतःचे डाव काढून बघितले. सैनिक आल्यापासून मी अकरा डाव खेळलो होतो आणि एकही निरोप्या मारला नव्हता. याचा मला पत्ता नव्हता.

बहिणीने तीन आठवडे कुणाला खेळू दिलं नाही. मग नवे नियम काढले. शत्रूला संपवून आता जिंकता येत नव्हतं. वस्तीवाल्याने निरोप्यांना टेबलाच्या पलीकडच्या काठावरच्या पाणबुडीपर्यंत पोचवायचं. कंपनीच्या फौजेतही प्रत्येक फेरीला फासा टाकायचा, कुणीतरी बंदूक खाली ठेवतं का हे बघायला. मला सगळे गुण पहिल्यापासून मांडावे लागले. दादरच्या चौघांनी त्या दिवशी लागोपाठ तीन डाव मांडले आणि जेवायलाही इथेच थांबले.

बंगळुरूच्या कंपनीशी व्हिडिओवर बोलणं झालं तेव्हा मी बाजूला बसलो होतो. माणूस सभ्य होता. काम सुंदर आहे म्हणाला. मग म्हणाला, की युद्धाचा खेळ घेणाऱ्याला युद्ध हवं असतं. निरोपे मोठ्या मापाचे करा, पहिले नियम ठेवा; दिवाळीला खेळ बाजारात आणू. पेटीवर नाव तुमचंच. पंधरा दिवसांत कळवा.

रात्रीच्या जेवणानंतर आम्ही गॅलरीत उभे होतो.

"घे," मी म्हणालो. "तुझं नाव येईल. तू इथे राहशील."

"तुला कशासाठी हवंय? नावासाठी, की मी राहावी म्हणून?"

"दुसऱ्यासाठी."

ती म्हणाली, "उद्या एक डाव खेळ माझ्याशी. त्यांच्या नियमाने. आणि जिंकायचं म्हणून खेळ, नाटक करायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खेळलो, आणि हिशेबाने खेळलो. समोर निरोप्या आला की तोफ लावली. पाचव्या फेरीत डाव संपला. नऊ निरोपे टेबलावर आडवे होते. मी जिंकलो होतो. पत्नी वाटाणे सोलता सोलता थांबली होती. तिने एक उचलून उभा केला आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागली.

"जमलं की तुला," बहीण म्हणाली.

"जमलं."

"आणखी एक मांडू?"

"नको," मी म्हणालो. आणि मग जे खरं होतं तेच सांगितलं, "हा मी पुन्हा खेळणार नाही. बाकी लोकांनी विकत घेऊन काय करायचं तो?"

"माणसं मोठी दिसली की मारतील रे. तूसुद्धा. पुठ्ठ्याचे होते तेव्हा मारतच होतास."

"हो. पण तुझा खेळ आता तो नाही."

तिने त्याच संध्याकाळी नकार कळवला. दुसऱ्या दोन कंपन्यांना नवे नियम पाठवून बघितले. एकीने उत्तर दिलं नाही, दुसरीने कौतुक केलं. नवरात्र संपता संपता तिने हैदराबादचं तिकीट काढलं. निघताना वहिनीच्या गळ्यात पडून रडली. मला म्हणाली, "रविवारी चार वाजता फोनवर डाव. फोन टेबलावर नीट उभा कर, आडवा पडायला नको."

सैनिकांचा संच ती बरोबर घेऊन गेली होती, तेव्हा इथे खेळायला दुसरा हवा होता. लालबागला जाऊन मी तो सांगितला. मूर्तिकारांनी विचारलं, निरोपे डोळ्यांपर्यंत अठ्ठावीस करू का? मी म्हणालो, साचे आहेत तेच ठेवा.

बंगळुरूच्या कंपनीचे पंचवीस हजार बहिणीने जाण्यापूर्वी परत केले. दुसऱ्या संचाचे चार हजार दोनशे मी मूर्तिकारांना रोख दिले. त्यांनी त्यातले दोनशे परत केले.