ओटीतली जवारी

युगांडाला मोतीबिंदूच्या शिबिरासाठी जायचं ठरलं आणि माझ्या डोक्यात प्रश्नांची रांग लागली. मी लातूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स. ‘आजोबा, वर बघा, हलू नका’ हे म्हणण्यात निम्मी हयात गेली. तिथं ते कुठल्या भाषेत म्हणायचं? पट्टी सोडल्यावर तिथली म्हातारी माणसंही आधी आपलेच हात बघतात का? माहेर देगलूरचं, त्यामुळे मराठी, दखनी, तेलुगू आणि मोडकीतोडकी कानडी होतीच पदरी. त्यात आणखी एकीची भर, असा माझा तोरा.

तोरा आईपुढं मात्र चालणार नव्हता. नवरा गेलेली लेक एकटीच परदेशी निघाली, तेही फुकट काम करायला, हे आमच्या गल्लीला पचणं अवघडच. परवानगी मागायचं माझं वय कधीच उलटलं होतं. पण आई तोंड फिरवून बसली असती, तर माझा पाय उंबऱ्याबाहेर पडला नसता. पहिल्यांदाच एवढ्या लांब जायचं होतं आणि तिच्या मनाविरुद्ध मला जायचं नव्हतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तिकडली माणसं खातेत काय?”

मी मोबाइलवर शोधून तिला एका शेताचा फोटो दाखवला. तिनं तो नाकापाशी नेला.

“अगं, ही तर जवारी हाय! भाकरी थापतेत का?”

“न्हाई, पीठ शिजवून घाटा करतेत म्हणं.”

“घाट्यात मीठ घालतेत का?”

ते काही मला ठाऊक नव्हतं.

“मग जाऊन बघून ये की. मला बी कळंल.”

एवढ्यावर मामला मिटला, याचा मला इतका आनंद झाला की मी तिला उगीचच मिठी मारली. “सर तिकडं, उकडायलंय,” म्हणून तिनं ढकलून दिलं.

निघायच्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला गेले, तर तिनं पाट मांडला होता. मला हळद लावली, कुंकवाच्या करंड्यापाशी थबकली, मग कुंकूही लावलं. पदर पसरायला सांगून ओंजळीनं जवारी घातली. नवरा गेल्यापासून माझी ओटी कुणी भरली नव्हती. भरणारीही बिनकुंकवाची, घेणारीही तशीच. लोक काय म्हणतील, हे दोघींपैकी कुणीच बोललं नाही. मला रडू आवरेना.

“असंच बांधून बॅगंत ठिव,” ती म्हणाली.

आता आली पंचाईत. सोबत धान्य, बियाणं काही आणायचं नाही, विमानतळावर काढून घेतात, असं शिबिराच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. ओटीतलं असं वाटेत टाकून द्यायचं? मी चाचरत तिला सांगितलं. तिनं माझ्या पदरातली जवारी निवडून मिक्सरला लावली. पीठ जाडंभरडं, विरी म्हणजे चिकटपणा अजिबात नाही. थापताना भाकरी काठांना फाटत होती, आणि आई मिक्सरला शिव्या घालत होती.

तिनं गरम भाकरी माझ्या ताटात वाढली आणि समोर मांडी घालून बसली.

“खा समदी. पोटातलं कोण काढून घेतंय?”

ताटात पडलेले तुकडेसुद्धा मी बोटानं टिपून खाल्ले.