खतमास्तरांच्या घरातला दमा

लोक त्यांना खतमास्तर म्हणायचे. शाळेची पायरी शिकवायला म्हणून ते कधी चढले नव्हते. पण खताचा विषय निघाला की समोरच्याला तासभर उठू द्यायचे नाहीत, म्हणून मास्तर. वीस वर्षांत त्यांच्या शेतात बाटलीतलं औषध शिरलं नव्हतं. किडीला लसूण-मिरचीचं पाणी, बुरशीला आंबट ताक आणि जमिनीला घरचं कुजवलेलं खत. खताचा ढीग स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच होता. दर आठवड्याला मास्तर तो फावड्यानं वरखाली करायचे. वाफ निघायची, पांढरी धूळ उडायची आणि त्यांचा चेहरा खुलायचा.

खिडकीच्या आत त्यांची बायको असायची. तिला दमा होता. डॉक्टरांनी दोन पंप दिले होते, एक रोज ओढायचा आणि एक जीव घाबरा झाला तर. मास्तरांच्या डोळ्यांत ते पंप खुपायचे. ज्या घरात झाडाला रसायन देत नाहीत, तिथं माणसानं ते ओढावं हे त्यांना पटेना. बागेतल्या पानांचा काढा त्यांनी स्वतः उकळायला घेतला. ढीग हलवला की छाती भरते, असं बायकोनं सांगून पाहिलं. मातीनं कधी कुणाचं वाईट झालंय का, म्हणत मास्तर हसले.

रोजचा पंप संपला, तेव्हा नवा आणायला मास्तर गेलेच नाहीत. आज आणू, उद्या आणू करत तीन आठवडे काढ्यावर काढले. बायको बरी दिसत होती. मास्तर तर येईल त्याला काढ्याची कृती सांगू लागले.

एका दुपारी ते ढीग उपसत असताना आत भांडं पडलं. धावत गेले तर ती ओट्याला धरून उभी, खांदे कानांपर्यंत चढलेले, ओठ निळसर. दुसरा पंप दाबला तर नुसतीच फुसफुस, तोही संपला होता. दूधवाल्यानं आपल्या गाडीतून दोघांना दवाखान्यात नेलं. रस्ताभर मास्तर तिची पाठ चोळत होते.

संध्याकाळी तिचा श्वास थाऱ्यावर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना बाहेर बोलावलं. घरात काय काय आहे ते विचारलं. मास्तरांनी ढिगाचं सांगितलं, सवयीनं जरा ऐटीतच.

"कुजणाऱ्या पाल्यात बुरशी असते, काका," त्या म्हणाल्या. "ढवळलं की तिची भुकटी उडते. दमेकऱ्याला ती सोसत नाही."

"पण त्यात रसायन काही नाही हो."

"बुरशी तरी कुठं कारखान्यात होते? काढा हवा तर घ्या, पण पंप बंद करायचा नाही. आज थोडक्यात वाचल्या त्या."

शहरातून मुलगी आली. ती भांडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तिनं मुकाट्यानं आईचे कपडे भरले आणि आई आता माझ्याकडे राहील एवढंच सांगितलं.

घर रिकामं झालं. मास्तरांनी नाकाला फडकं बांधलं आणि ढीग पाण्यानं भिजवत, घमेल्या-घमेल्यानं शेताच्या पार टोकाला नेला. त्याला अठरा दिवस लागले. मग भिंत खरवडली, चुना दिला, खिडकीची ओल धरलेली चौकट बदलली. भाजी दोघांची व्हायची आणि दोन्ही वेळा एकट्यानंच संपवावी लागायची. वर्षानुवर्षं कानाशी असलेली तिची घरघर त्यांनी कधी नीट ऐकली नव्हती. आता घर शांत झालं, तर जेवताना हात थांबवून ते ती आठवायचे. खत बघायला कुणी आलं, तर आधी विचारायचे, तुमच्याकडे कुणाला दम लागतो का?

चार महिन्यांनी बायको मुलीबरोबर दिवसभरासाठी आली. अंगानं भरली होती, घराकडचा चढ न थांबता चढली. मास्तरांनी नवी चौकट दाखवली, भिंत दाखवली.

"आता राहशील ना?"

तिनं भिंतीवरून हात फिरवला. "छान केलंत हो. पण इथं शिरले आणि लगेच छाती आवळली. तिथं श्वास घेताना विचार करावा लागत नाही." मग म्हणाली, "मी तीनदा सांगितलं होतं तुम्हाला."

मास्तरांना एकच वेळ आठवत होती. बाकीच्या दोन कधीच्या, हे विचारायचा धीर त्यांना झाला नाही. चहा झाल्यावर त्यांनीच तिची पिशवी बसथांब्यापर्यंत नेली.

ती परत राहायला आली नाही. महिन्यातून दोन दिवस मास्तर मुलीकडे जातात. निघायच्या आधी डोक्यावरून अंघोळ करतात, नखं घासतात. ढिगाजवळ कधीच न नेलेला एक सदरा त्यांनी पिशवीत बांधून वेगळा ठेवलाय. तो घालूनच बसमध्ये चढतात.