साडूंनी प्लॉट पाहिला नव्हता

‘कुठे राहावे हे ज्याला कळले, त्याला कसे जगावे हे निराळे शिकवावे लागत नाही.’ पुंडलिकरावांच्या शोकसभेत मी हे वाक्य म्हणालो आणि शाळेच्या हॉलमध्ये ते चांगले घुमले. अध्यक्षस्थानी एक वकील होते. पुंडलिकरावांची आणि त्यांची आयुष्यात कधी गाठ पडली नव्हती, त्यामुळे सर्वांत प्रभावी भाषण त्यांचेच झाले, आणि त्यात त्यांनी माझे वाक्य दोनदा वापरले. वाक्यात दोष एकच होता. पुंडलिकरावांनी राहायची जागा निवडली ती ज्वारीच्या गरम घाट्यासाठी, आणि समोर बसलेल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक होते.

ते गेल्याची बातमी मला दूधवाल्याने दिली. मी पातेले घेऊन दारात उभा होतो. त्याने माप हातातच ठेवले आणि म्हणाला, “मास्तर, तुमना साडूभाऊ ग्यात. पहाटेच.” मला आधी सुचले ते असे, की याला माझ्याआधी कसे कळले? मी तसे विचारलेही. “तुमनी मायनी सांगं,” तो म्हणाला. माझ्या आईने. माझी आई त्या पहाटे पुंडलिकरावांच्या उशाशी होती, कारण ती त्यांच्याच घरी राहते, गेली कित्येक वर्षे… आणि मृताची क्षमा मागून सांगतो, या लेखाचा खरा विषय तोच आहे. दुःखाच्या वेळी हेवेदावे गळून पडतात असे मी बऱ्याच पुस्तकांत वाचले आहे. ती पुस्तके लिहिणाऱ्यांना साडू नसावेत.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, तिला सगळे ताई म्हणत; माझी धाकटी. ते कचेरीत कारकून, मी मास्तर. एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या मध्यावर आम्ही दोघेही नंदुरबारच्या जुन्या वस्तीत भाड्याच्या खोल्यांत राहत होतो. तेव्हा गावाबाहेरच्या शेतांत प्लॉट पडू लागले होते, आणि चार मध्यमवर्गीय भेटले की पावसापाण्याऐवजी ‘वस्ती कशी आहे’ हा विषय निघे. मी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. नगररचनेवरचे एक जाड पुस्तक वाचनालयातून आणून वाचले. शेजार सुशिक्षित हवा, मुलाच्या कानावर शुद्ध मराठी पडावी, तंबाखूची वखार आणि पत्त्यांचा अड्डा जवळ नको, असे सगळे ठरवून मी सदाचार कॉलनीत अर्ज केला. ‘समान संस्कारांच्या कुटुंबांची वसाहत’ असे तिच्या माहितीपत्रकात छापले होते. माझी मुलाखत घेण्यात आली. घरात कोणती भाषा बोलता, कोंबड्या पाळता का, असे प्रश्न होते. दोन्ही प्रश्नांना मी योग्य ती उत्तरे दिली आणि संस्कारी ठरलो.

पुंडलिकरावांनी काय केले? ते वैशाखात नव्या वस्त्यांतून सायकलवर हिंडले आणि कुठे बिबडे चालले आहेत ते पाहत राहिले. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवून, दळून, तिचा मोठ्या पातेल्यात घट्ट घाटा शिजवायचा, ओल्या फडक्यावर तो लाटायचा आणि दोघांनी फडके धरून ते अंगणातल्या खाटेवर उलटायचे. हे एका बाईचे काम नाही. चार-पाच घरच्या बाया आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा जमाव्या लागतात. तेव्हा ज्या गल्लीत बिबडे होतात तिथे बायांचे एकमेकींशी बोलणे चालू आहे असे समजायला हरकत नाही. हा अर्थ अर्थात मी काढलेला. ते स्वतः बहुधा घाटा खायलाच हिंडत होते. तेल घालून गरम घाटा खाणे ही त्यांची एकमेव चैन होती.

वीटभट्टीच्या मागे काही गुजर कुटुंबांनी नवी घरे बांधली होती. तापीकाठच्या गावांतून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली माणसे. तिथल्या रेवाबेन नावाच्या बाईने सायकल धरून उभ्या असलेल्या या अनोळखी कारकुनाला हाक मारली, “ओ भाऊ, उभा कसाले? हात धुई ल्या आन कापड धरा!” संध्याकाळी पुंडलिकराव माझ्याकडे आले. सदऱ्यावर घाट्याचे शिंतोडे होते.

“साडूसाहेब, प्लॉट ठरला.”

“कसा आहे?”

“पाहिला नाही. कापड धरलं.”

प्लॉट त्यांनी पाहिला नाही तो नाहीच. पैसे भरल्यावर कळले की भट्टीवाल्यांनी माती काढून पाडलेला खड्डा नेमका त्याच तुकड्यात होता, आणि पहिल्या पावसात तिथे म्हशी डुंबू लागल्या. मला मनापासून बरे वाटले. नगररचनेच्या पुस्तकात याच विषयावर एक प्रकरण होते. ते मी त्यांना वाचूनही दाखवले. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, “यात म्हशी काढायचा उपाय दिला आहे का?” पुढे गल्लीतल्या गुजरांनी शेतावरून बैलगाड्यांनी माती आणून तो खड्डा बुजवला. माझ्या प्लॉटला खड्डा नव्हता, त्यामुळे कोणी बुजवायला आले नाही.

वडील गेल्यावर आई आमच्या गावाहून, कोरीटहून, माझ्याकडे आली. मुलगा मास्तर, घर पक्के, नळ दाराशी. म्हातारीने आनंदात राहायला हरकत नव्हती. शेजारच्या बायका कुंपणावरून विचारीत, “आजी, बऱ्या आहात ना?” आई म्हणे, “बरी शे.” मग त्या हसत आणि आत जात. संभाषण तिथे संपे. त्यांच्या हसण्यात दुष्टावा नव्हता. पुढे काय बोलावे हे त्यांना कळत नव्हते, एवढेच. आमचा मुलगा, ज्याच्या कानावर शुद्ध मराठी पडावी म्हणून मी एवढा खटाटोप केला होता, तो आजीला चुका सांगू लागला. आई हळूहळू कमी बोलू लागली. पाहुणे म्हणत, “तुमच्या आई फार शांत आहेत हो.” कोरीटमध्ये तिचा आवाज शेताच्या दुसऱ्या बांधापर्यंत जात असे.

पहिल्या उन्हाळ्यात तिने कोणाला न विचारता ज्वारी भिजत घातली आणि एकटीनेच दोन खाटा बिबडे घातले. समोरच्या अंगणात काही वाळत घालू नये असा कॉलनीचा नियम होता. चेअरमन स्वतः आले. माणूस सभ्य, आवाज चढवणे त्यांना माहीतच नव्हते. “मास्तर, आज पापड, उद्या शेणी,” ते म्हणाले. “वसाहतीचा दर्जा असा एकेका खाटेनेच घसरतो.” आई दाराआडून ऐकत होती. मी म्हणालो, “बघतो.”

त्या दुपारी पुंडलिकराव काही निमित्ताने आले. खाटा उचललेल्या, धोतरावर ओले बिबडे चिकटून गोळा झालेले, दळलेली ज्वारी अजून पातेल्यात पडलेली. त्यांनी कोणाला काही विचारले नाही. “माय,” ते आईला म्हणाले, “तठे खाटा रिकाम्याच शेतस. चाल ना.” पातेले सायकलच्या कॅरिअरला बांधले. आई एका हाताने पातेले सांभाळत त्यांच्या बाजूने चालू लागली. “चार दिवसमा येस,” असे ती मला म्हणाली. मी खिडकीतून पाहत होतो. सायकल वळणावर पोचायच्या आत तिचा आवाज मला ऐकू आला. ती काहीतरी मोठ्याने सांगत होती आणि पुंडलिकराव हसत होते. ती माझ्या घरात आल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता.

चार दिवसांचा उन्हाळा झाला, उन्हाळ्याचे वर्ष. सणावाराला ती येई, दोन दिवस राही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळपासून तिचे लक्ष रस्त्याकडे असे. गावात लोक विचारीत, “मास्तर, मायले साडूकडे ठेव्या का?” या प्रश्नाला मी निरनिराळी उत्तरे दिली. पुंडलिकरावांनी या गोष्टीची प्रौढी एकदा जरी मिरवली असती, तर त्यांचा रीतसर राग करता आला असता. त्यांनी ती सोयही ठेवली नाही.

मग त्यांची बदली सातपुड्याच्या डोंगरात, धडगावला झाली. बदली रद्द करून घ्यायची कला कचेरीत सर्वांना येत होती. ते मात्र ट्रंक घेऊन निघून गेले आणि शनिवारी मिळेल त्या ट्रकने घाट उतरून येऊ लागले. मला वाटले, आता आई येईल. मी न्यायला गेलो. “माय, ते इथे नाहीत. अशा वेळी त्यांच्या घरी राहणे बरे दिसत नाही.”

“कोनले दिसत नही?” आई म्हणाली. “ताई आठे पोरंसंगे एकटी शे. तुन्हाजोडे तुन्हा चेअरमन शे ना!”

रेवाबेन पदराआड हसली. मला वाटते, त्या दिवसापासून तो विनोद गल्लीच्या मालकीचा झाला.

ते धडगावहून कायमचे परत आले तेव्हा एकदा मी हसत हसत म्हणालो, “पुंडलिकराव, आमची आई परत करा आता.” हसण्याचा भाग थोडा कमी पडला असावा, कारण त्यांनी तंबाखू मळणे थांबवले.

“न्या की. तुमचीच आहे,” ते म्हणाले. मग तंबाखू पुन्हा मळायला घेतली. “नाहीतर असं करा, तुम्हीच इकडे या. शेजारचा प्लॉट मोकळा आहे. कोणी विचारायला आलं तर गेला म्हणून सांगायचं, असं रेवाबेनला मी सांगून ठेवलंय.”

“केव्हापासून?”

“माय आली तेव्हापासून.”

मी म्हणालो, “विचार करतो.” केलाही. माझ्या घराला फरशी होती, दाराशी नळ होता, कॉलनीच्या वाचनालयाचा मी चिटणीस होतो. आणि वीटभट्टीमागे राहायला जाणे म्हणजे नगररचनेचे ते जाड पुस्तक चौकात उभे राहून परत करण्यासारखे होते. माझा विचार चालू असतानाच रेवाबेनच्या भावाला जागेची नड पडली आणि प्लॉट गेला. पुंडलिकरावांनी मला तो गेल्याचे सांगितले नाही. पाया खणलेला मीच एके दिवशी पाहिला.

परवा मी पुन्हा आईला न्यायला गेलो. ज्याच्यासाठी ती तिथे होती तो माणूस आता नाही, तेव्हा या खेपेला माझी बाजू भक्कम होती. आई ओट्यावर होती. तिच्यासमोर डोंगरातून कचेरीच्या कामाला आलेला एक म्हातारा आणि त्याची सून बसली होती. धडगावहून पुंडलिकरावांनी कमाई म्हणून आणल्या त्या फक्त ओळखी, आणि या माणसांना उन्हात थांबायला जागा हवी म्हणून ओट्याच्या कोपऱ्यात एक मोठा माठ मांडला. तो त्यांनी तापीकाठच्या प्रकाशा गावाहून डोक्यावरून आणला होता. म्हातारा पावरीत, म्हणजे डोंगरातल्या पावरा लोकांच्या बोलीत, काही सांगत होता, आई अहिराणीत उत्तर देत होती. दोघांना एकमेकांचे निम्मे तरी कळत होते का, मला शंका आहे. पण बोलणे थांबत नव्हते. आमच्या कॉलनीत सगळ्यांना सगळे कळते.

“येतेस ना, माय?” मी विचारले.

“ताईले सोडीसन?” तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. “तूच येत जाय. दूर शे का?”

मेलेल्या माणसाशीही मी हरलो होतो. विषय बदलावा म्हणून मी माठाकडे बोट दाखवले. “हा आता कोण भरतं?”

“जो पहिले उठस, तो.” ते गेल्यापासून माठ एक दिवस रिकामा नव्हता. कोणी कोणाला सांगितले नव्हते, पाळी लावली नव्हती, नियम केला नव्हता. नवा माठ आणायचे रेवाबेनच्या मनात आले होते, पण गल्लीने तो बदलू दिला नाही. माझ्या माघारी माझ्या घरातले काय कोण भरत राहील, याचा मी विचार करू लागलो…

“पानी पी,” आई म्हणाली आणि पेला भरून माझ्या हातात दिला. तो मी दोन्ही हातांत धरून, उभ्यानेच, सावकाश प्यालो.

पाणी कोमट होते. माठ जुना झाला की गार करत नाही.