माझे बाबा जिवंत आहेत!

परवा माझ्या धडधाकट बापाच्या मृत्यूची बातमी मी माझ्याच पेजवर वाचली. गोंदियात, माझ्याच क्लिनिकमध्ये, पेशंटचा गुडघा शेकायला ठेवून मोबाइल उघडला तेव्हा...

मी फिजिओथेरपिस्ट. क्लिनिक नवीन, चार लोकांना कळायला हवं, म्हणून पेज चालवायला पुण्याच्या एका कन्सल्टंटला दिलं होतं. त्याचं एकच पालुपद... मॅडम, डिग्री कोणी वाचत नाही, स्टोरी द्या!

म्हटलं, देऊ. बाबांचा फोटो आणि एक व्हॉइस नोट पाठवली. बोदलकशाचा तलाव, बाबांची मासेमारी, त्यांची धरलेली कंबर बघून मी निवडलेलं हे शिक्षण... सगळं खरं खरं सांगितलं. बोलता बोलता घरची भाषा आली, "आता मी कमावतो, तरी बाबा आयकत नाही. अजून त्या तलावावर मरून राहिले."

आमच्याकडे कोणालाही विचारा. बायकाही 'कमावतो'च म्हणतात. जाऊन राहिले म्हणजे जात आहेत. मरून राहिले म्हणजे कामात मर मर मरत आहेत, बस्स!

या महाशयांनी काय लिहावं? "ज्या तलावाने माझ्या बाबांना गिळलं..." वर बाबांचा फोटो, ब्लॅक अँड व्हाइट करून. शेजारी मेणबत्ती. अरे, एखाद्याचा बाप मारण्याआधी एक फोन तरी करशील की नाही?

गावात पोस्ट माझ्या आधीच पोचली होती. तिरोड्याची आत्या ऑटो करून रडत रडत घरी आली, तर बाबा दारात बसून जाळं शिवत होते. ती आधी किंचाळली, मग त्यांनाच शिव्या घातल्या. आई मात्र माझ्याशी अजून धड बोलत नाही. कपाळावर कुंकू असताना दिवसभर सांत्वनाचे फोन घेतले तिने...

मी रागारागाने कन्सल्टंटला फोन लावला. तर तो म्हणतो, "मॅडम, डिलीट नका करू प्लीज. रीच बघा ना, कसला भारी आलाय! दुरुस्ती कमेंटमध्ये टाकू."

कमेंटमध्ये! माझ्या बापाला हा कमेंटमध्ये जिवंत करणार होता! पोस्ट उडवली, पासवर्ड बदलला, आणि त्याला माझ्या गोंदियाच्या भाषेत जे ऐकवायचं ते ऐकवलं. ते त्याला नीट समजलं असावं.

संध्याकाळी घरी गेले. बाबांनी जाळ्यातून मानही वर केली नाही. "काऊन वो बाई, मले मारल्याबिगर तुया दवाखान्यात पेशंट येत नाई का?"

मला रडूच फुटलं.

ज्यांनी मनापासून श्रद्धांजली वाहिली, त्यांचे आभार... आता ती परत घ्या. आजपासून या पेजवर मीच लिहिणार, आणि पहिली स्टोरी एवढीच आहे. माझे बाबा आत्ता बोदलकशावर जाळं टाकून राहिले. टाकून राहिले म्हणजे टाकत आहेत.