आठ माणसांचं वजन एक किलो

हसू नका म्हणून काही उपयोग नाही, तुम्ही हसणारच. तरी सांगतो.

मी नांदेडला पॉलिटेक्निकमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो. शिकवतो म्हणजे फळ्यावर हो! मिलमध्ये हात काळे करायची वेळ आणली ती लातूरच्या बसवराजअप्पांनी. बायकोचे चुलते, डाळमिलचे मालक.

"जावईबापू घरचेच असताना बाहेरचा इंजिनिअर कशाला?" असं ते चार पाहुण्यांत म्हणाले. आता जावई माणूस नाही कसा म्हणणार?

काम एवढंच, की लोखंडी काट्यावर पोतं ठेवायचं, वरून डाळ पडायची आणि पन्नास किलो झाले की धार आपोआप बंद. काट्याखाली चार लोडसेल, म्हणजे वजन ओळखणारे लोखंडी ठोकळे. त्यांच्या वायरी मी पॅनलमधल्या कंट्रोलरला, म्हणजे वजन वाचून धार थांबवणाऱ्या यंत्राला जोडल्या, झोकात! बारा वाजता उदगीरचे व्यापारी बघायला येणार होते.

साडेदहाला चाचणीसाठी पहिलं भरलेलं पोतं ठेवलं. स्क्रीनवर शून्य.

वायर सोडली, पुन्हा आवळली. शून्य! पॅनलपासून काट्यापर्यंत, काट्यापासून पॅनलपर्यंत माझ्या येरझाऱ्या. शर्ट पाठीला चिकटला.

"वजन कमी पडतंय," मी ठोकून दिलं. "अजून टाका."

पाच पोती झाली. शून्य. मग हमालांचे मुकादम तुकाराममामा पोती उतरवत म्हणाले, "सर, पोते चढवून कंबर गेली. त्यापरीस आम्हीच हुबे राहतो की!"

सात हमाल चढले. शेवटी अप्पासुद्धा चढले, आणि अप्पा एकटेच सव्वाशेच्या घरातले! स्क्रीन थरथरली आणि आकडा आला, एक.

"एक काय? क्विंटल?" अप्पांनी विचारलं.

"...किलो."

"आठ मानसं मिळून एक किलो? आमच्यात जीव हाय का न्हाई, जावईबापू?"

"हलू नका! कुणीच हलू नका!" मी ओरडलो. साडेअकरा वाजले होते. आता काय करावं? माझी जुनी विद्यार्थिनी शीतल पुण्याला मोठ्या हुद्द्यावर आहे. तिला फोन लावला. दोन्ही हातांत वायरी, म्हणून स्पीकरवर.

"सर, लोडसेल सरळ कंट्रोलरला जोडला की काय?"

"सरळच जोडला. वाकडा कसा जोडतात?"

"अहो सर! लोडसेलमधून निघतो व्होल्टचा हजारावा भाग, आणि कंट्रोलर तिकडं दहा व्होल्टची वाट बघून राहिलाय! मध्ये अ‍ॅम्प्लिफायर नको का? तुम्हीच शिकवलं होतं ना, मुंगीचं बोलणं हत्तीला ऐकवायचं तर मध्ये भोंगा लागतो!"

अख्ख्या मिलनं ऐकलं. दर वर्षी हे वाक्य मी टाळ्या घेऊन म्हणतो हो!

"शाब्बास, शीतल!" मी घसा खाकरला. "लक्षात आहे तुझ्या. मी जरा परीक्षाच घेत होतो."

आणि घाईघाईनं फोन कापला. मान वर करायची हिंमत होईना. तेवढ्यात काट्यावरून अप्पांचा आवाज आला, अगदी अदबीनं.

"जावईबापू, पोरगी पास झाली असंल, तर आम्ही उतरावं का खाली?"