नक्कल न करणारी कंपनी

जगातल्या साऱ्या कंपन्या नफ्यासाठी निघाल्या असतील, आमच्या मावसाजींची मात्र निव्वळ हट्टावर चालली. हे माझ्या मावशीचे यजमान, राहणार पवनार. स्वतःला कधी 'मी' म्हणायचे नाहीत, 'कंपनी' म्हणायचे. "कंपनीले भूक लागली," असं ऐकू आलं की मावशी ताट वाढायची. अंगणातली खाट हे हेड ऑफिस. सत्तरच्या दशकात ही कंपनी भजनांच्या पुस्तिका छापून जत्रांत विकायची. भजनं त्यांच्या धाकट्या भावाची. त्यांना आम्ही काका म्हणायचो. ते धाम नदीकाठी भाजीची वाडी करायचे आणि खंजिरीवर असे गायचे की बंडीवाले बैल थांबवून ऐकत. पुढे कुणीतरी त्या पुस्तिका जशाच्या तशा छापून निम्म्या भावात विकल्या. कंपनी बसली, आणि मावसाजींनी नकलेशी जन्माचं वैर धरलं.

मग कॅसेटी आल्या. मावसाजींनी टेपरेकॉर्डर आणून कंपनी पुन्हा उभी केली. बाकीचे लोक दोन टेप जोडून एका कॅसेटीवरून ढीगभर कॅसेटी भरत. मावसाजींना ते नामंजूर. "नकल म्हंजे चोरी. आपली कंपनी गिऱ्हाइकाले अस्सलच देईन!" म्हणजे काय, तर प्रत्येक कॅसेटीसाठी काकांनी तीच भजनं नव्यानं गायची. त्यामुळे एक कॅसेट दुसरीसारखी नसे. एकीत कोंबडा आरवे, एकीत मावशी दूधवाल्याशी भांडे. सिंदीहून एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, "मांगच्या कॅसेटीत कोंबडा होता, याच्यात काऊन नाई?" मावसाजी गंभीरपणे म्हणाले, "तो पाहुण्याइनं खाल्ला."

कंपनी जोरात चालली आणि काकांचा आवाज चिरकू लागला. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं. शेवटी वर्ध्याच्या डॉक्टरांनी गाणं साफ बंद करायला सांगितलं. नेमकी तेव्हाच महाशिवरात्रीच्या जत्रेची मागणी आलेली. मावशी हात जोडून म्हणाली, "अवो, एकीवरून भरून घ्या ना बाकीच्या. भाऊजीचा जीव चाल्ला." मावसाजी भावाकडे वळले. "येवढी जत्रा होऊन जाऊ दे. मंग आराम कर."

"तुमी म्हनता तं गातो, दादा," काका म्हणाले, आणि गायले. जत्रेनंतर नागपूरला नेऊन त्यांच्या घशातली गाठ काढावी लागली. जीव वाचला. आवाज गेला तो गेलाच.

कंपनी त्या दिवशी बंद पडली. पुढच्या उन्हाळ्यात मी बाजारात गेलो, तर काका वांग्यांच्या ढिगामागे तराजू धरून बसलेले, आणि शेजारी मावसाजी बेसूर ओरडत होते, "घ्या वांगे, ताजे वांगे!" कुणी काही विचारलं की काका ओठ हलवायचे आणि मावसाजी ते मोठ्यानं सांगायचे. मला या माणसाचा फार राग आलेला होता, पण तिथे उभा राहिलो आणि तो टिकला नाही. दुपारपर्यंत ओरडून ओरडून मावसाजींचा घसा बसला. काकांनी तराजू खाली ठेवला आणि पाण्याचा तांब्या भावापुढे केला. मावसाजींनी तो तोंडाला लावला, आणि बसक्याच आवाजात ते पुन्हा ओरडले, "घ्या वांगे!"